नव्या ईसीयूला आधी तंबोऱ्यावर बसवा

चावी फिरवली, स्टार्टर मारला नाही, आणि लॅपटॉपवर मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा, आकडा आला ९५ किलोपास्कल. शेजारी बसलेला मित्र म्हणाला, "सेन्सर गेलाय भिया, पुस्तकात १०१ लिहिलंय." सेन्सर ठणठणीत होता. पुस्तकातला आकडा समुद्रकाठचा आणि आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर वर, त्यामुळे इथली हवाच तेवढी विरळ. तीच गाडी महेश्वरला नेली की घाटाच्या पायऱ्यांजवळ तोच सेन्सर ९९ च्या पुढे दाखवतो. कंपनीच्या ईसीयूत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, असले सगळे आकडे कारखान्यातच भरलेले असतात. तुम्ही बसवाल त्या ईसीयूत ते तुम्ही भरायचे, आणि बरोबर भरलेत का हे ताडून बघायला आपल्या गावची हवा, आपलं पेट्रोल आणि आपल्या गाडीची खोड माहीत असावी लागते.

हे लिहितोय ते जुन्या ईसीयूच्या जोडीला नवा ईसीयू पहिल्यांदाच बसवणाऱ्यांसाठी. माझी गाडी जुनी एस्टीम, १६ व्हॉल्व्हची, १२९८ सीसी, कागदावर ८५ हॉर्सपॉवर. हातात गिअर, पेट्रोल इंजिन आणि ॲक्सिलरेटरला तारेची केबल. तुमची गाडीही या तीन अटींत बसत असेल तर पुढे वाचा. ॲक्सिलरेटर इलेक्ट्रॉनिक असेल, म्हणजे पायाखाली केबल नसून सेन्सर असेल आणि थ्रॉटल मोटरने उघडत असेल, तर पहिला प्रयोग त्या गाडीवर नको. चुकीच्या वायरिंगने इंजिन बंद पडलं तर ढकलत घरी आणता येतं. थ्रॉटल उघडा राहिला तर काय होईल ते लिहायची गरज नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सलाही तेच लागू, कारण गिअरबॉक्सचा संगणक इंजिनच्या संगणकाशी सतत बोलत असतो आणि त्या गप्पांत आपण परके.

पहिली पायरी: कोणता रस्ता

चार रस्ते आहेत. पहिला रिमॅप: ईसीयू तोच, पेट्रोल किती आणि ठिणगी कधी हे ठरवणारे आतले तक्ते बदलायचे. नव्या टर्बो गाड्यांना हाच सरळ पडतो. त्यात तुमच्या हाताला काम कमी. कुणाची तरी फाइल विकत घ्यायची आणि त्याच्यावर विश्वास टाकायचा.

दुसरा पिगीबॅक. सेन्सर आणि ईसीयू यांच्या मध्ये एक छोटा डबा बसतो आणि ईसीयूला थोडं खोटं सांगतो. हवा आहे त्यापेक्षा कमी आहे असं सांगितलं की ईसीयू पेट्रोल कमी करतो आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, पुढे नेतो. स्वस्त आणि झटपट, पण जुना ईसीयू एक्झॉस्टमधला ऑक्सिजन बघणाऱ्या लॅम्डा सेन्सरकडे बघून काही दिवसांत ते खोटं बरंचसं दुरुस्त करून टाकतो. मला हा प्रकार कधीच आवडला नाही.

तिसरा म्हणजे दुसऱ्या मॉडेलचा कंपनीचाच ईसीयू आणून लावणं. "प्लग बसतोय ना, मग झालं," असं सांगणारे गल्लोगल्ली भेटतील. १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल घ्या. एका गाडीत ते ७५ हॉर्सपॉवरचं, दुसरीत ९०. ब्लॉक एकाच घराण्याचा, पण ७५ वाल्याचा टर्बो साध्या भूमितीचा आणि ९० वाल्याच्या टर्बोची पाती हलणारी. ९० चा संगणक ७५ वर लावला तर तो नसलेल्या पात्यांना हुकूम सोडत बसेल. शिवाय डिझेलमध्ये प्रत्येक इंजेक्टरचा स्वतःचा कोड ईसीयूत लिहिलेला असतो आणि चावीतल्या चिपशी इमोबिलायझरचं (चोरी रोखणाऱ्या कुलपाचं) लग्न लागलेलं असतं. भंगारातून ईसीयू आणायचाच असेल तर त्याच गाडीची चावी आणि इमोबिलायझरचा डबा एकत्र आणा, आणि पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. प्लग सारखा असून आतल्या पिना वेगळ्या, हे सर्रास होतं.

चौथा रस्ता स्टँडअलोन: मेगास्क्वर्ट, स्पीड्युइनो, रूसइएफआय यांसारखा, सगळे तक्ते उघडे असलेला ईसीयू. बोलिंग आणि ग्रिपो या जोडीने उभा केलेला मेगास्क्वर्ट यातला जुना जाणता. स्पीड्युइनो अर्डुइनो मेगा बोर्डावर चालतो, त्यामुळे हात साफ करायला तो उत्तम.

मी शिकवतोय तो रस्ता दुसरा आणि चौथा यांच्या मधला: जुना ईसीयू जागेवर ठेवायचा आणि नवा त्याच्या जोडीला बसवायचा. एसीचा कॉम्प्रेसर, रेडिएटरचा पंखा, इमोबिलायझर, डॅशबोर्डवरचे काटे ही घरची कामं जुन्याकडे. पेट्रोल, आणि पुढे जमलं तर ठिणगी, नव्याकडे.

दुसरी पायरी: कागद

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने मुळात दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी गाडी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२ अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाडीत हात घातला तर वॉरंटी जाते, आणि विमा कंपनीला न सांगता केलेला बदल नेमका क्लेमच्या दिवशी आठवतो. म्हणून प्रयोग जुन्या गाडीवर, शक्यतो रोजच्या वापरात नसलेल्या. आरटीओत आधी विचारून घ्या आणि आधीचं-नंतरचं पीयूसी जपून ठेवा. पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी संस्थेचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आपल्या दाराशी आहे म्हणून हुरळून जाऊ नका. तो चाचण्यांसाठी आहे, रविवारी टाकी फुल करून जायची ती जागा नव्हे.

तिसरी पायरी: आजारी इंजिनाला नवं डोकं लावू नका

चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. प्लग काढून त्यांचा रंग बघा. इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या रबरी नळ्यांत हवा चोरत असेल तर आधी ती थांबवा. पेट्रोलचा दाब गेज लावून बघा. या पिढीच्या बहुतेक इंजिनांत रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीत, अडीच ते तीन बार असतो. पंपावरचं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं, तेव्हा वीस वर्षांच्या रबरी पेट्रोल नळ्या या निमित्ताने बदलूनच टाका. निम्म्या लोकांची "पिकअप नाही" ही तक्रार इथेच संपते आणि ईसीयूचे पैसे वाचतात.

चौथी पायरी: हार्नेस कापायचा नाही

हा एकच नियम मी हट्टाने सांगतो. कंपनीच्या वायरिंगला, म्हणजे हार्नेसला, कटर लावायचा नाही. भंगारवाल्याकडून त्याच मॉडेलचा मेलेला ईसीयू आणि त्याच्या हार्नेसचा वीतभर वायर असलेला प्लग मिळवा. मेलेल्या ईसीयूचं सॉकेट आणि तो प्लग यांच्यामधून एक जोड-हार्नेस बनतो. त्याची एक बाजू गाडीच्या प्लगला, दुसरी जुन्या ईसीयूला, आणि मधून ज्या वायरी हव्यात त्या नव्या ईसीयूकडे फुटतात. उद्या नको झालं तर दोन प्लग काढले की गाडी जशी होती तशी.

वायर सेन्सरसाठी ०.५ चौरस मिलिमीटरची पुरते, इंजेक्टरला ०.७५, मुख्य वीज आणि अर्थला दीड ते अडीच. महाराणी रोडवर वायर मागताना घरातली नको, गाडीची हवी असं ठासून सांगा. बॉनेटखाली मे महिन्यात जी उष्णता होते तिच्यात घरातल्या वायरचं आवरण कडक होऊन तडकतं. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना नाव लिहा. आमच्या जुन्या इलेक्ट्रिशियनचं म्हणणं होतं, "भिया, अपन को याद रहता है." त्याला राहत असेल. मला तिसऱ्या दिवशी निळी-पांढरी कुठली आणि पांढरी-निळी कुठली हे सांगता येईना.

अर्थचे दोन कुटुंबांसारखे दोन भाग करा. इंजेक्टर आणि कॉइलची जड वीज थेट इंजिन ब्लॉकवर, एकाच बोल्टला. सेन्सरचे अर्थ मात्र ईसीयूच्या सेन्सर-अर्थ पिनेवर. बॉडीच्या पत्र्याला कुठेही स्क्रू मारून नव्हे. तपासायची रीत सोपी. स्टार्टर फिरत असताना मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं ईसीयूच्या अर्थ पिनेला लावा. ०.१ व्होल्टच्या वर काही दिसलं तर अर्थ कच्चा.

आता माझी फजिती. नव्या ईसीयूला वीज मी रेडिओच्या वायरीतून घेतली, कारण ती हाताशी होती. चावी दिली की ईसीयू जागा व्हायचा, पंप गुणगुणायचा, सगळे सेन्सर नीट दिसायचे. स्टार्टर मारला की आरपीएम शून्य. अख्खा रविवार आरपीएम मोजणाऱ्या क्रँक सेन्सरला दोष देत घालवला. संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या काकू पोह्यांची बशी घेऊन खाली आल्या, दोन मिनिटं बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, तू चावी पुढे फिरवलीस की हा तुझा निळा दिवा विझतो." विझत होता खरंच. स्टार्टर फिरताना चावीचं कुलूप रेडिओची वायर मुद्दाम बंद करतं, बॅटरीवरचा भार कमी व्हावा म्हणून. ईसीयूची वीज घ्यायची ती स्टार्ट होतानाही जिवंत राहणाऱ्या इग्निशन वायरीने रिले ओढून, फ्यूजमधून, सरळ बॅटरीवरून. त्या क्षणी बॅटरीही ९-१० व्होल्टपर्यंत खाली येते, हे लक्षात ठेवा. पुढे इंजेक्टरच्या हिशोबात लागेल.

पाचवी पायरी: एक सेन्सर, दोन धनी

जोडीच्या कामात सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, म्हणून जरा सावकाश.

पाण्याच्या तापमानाचा सेन्सर म्हणजे एक साधा रेझिस्टन्स आहे; गरम झाला की कमी होतो. ईसीयू आतून ५ व्होल्ट एका रेझिस्टरमधून त्याच्याकडे पाठवतो आणि मधल्या जागी किती व्होल्ट उरले ते वाचतो. मेगास्क्वर्ट आणि स्पीड्युइनो दोन्हींत हा आतला रेझिस्टर २४९० ओहमचा. समजा सेन्सर २० अंशांना २५०० ओहमचा आहे. एकट्या ईसीयूला अडीच व्होल्ट दिसतील. आता त्याच सेन्सरवर दुसरा ईसीयूही तसाच रेझिस्टर घेऊन बसला. दोन समांतर रेझिस्टर मिळून १२४५ ओहम झाले आणि मधला व्होल्टेज चढला ३.३ वर. दोघांनाही वाटेल सेन्सर ५००० ओहमचा आहे, म्हणजे पाणी चारेक अंशांवर. मग दोघंही थंड इंजिन समजून पेट्रोल ओततील, प्लग काळे पडतील आणि तुम्ही इंजेक्टर बदलत बसाल.

उपाय दोन. नव्या बोर्डवरचा तो रेझिस्टर काढून टाका, त्याला नुसतं ऐकू द्या, आणि कॅलिब्रेशन स्वतः भरा: एकदा बर्फाच्या पाण्यात, एकदा खोलीच्या तापमानाला, एकदा उकळत्या पाण्यात सेन्सर बुडवून. उकळत्या पाण्यालाही इंदुरात १०० नव्हे, ९८ च्या आसपास धरा. दुसरा उपाय, नव्यासाठी स्वतंत्र सेन्सर बसवा. पाणी आणि हवा या दोन्ही तापमानांसाठी मी हा दुसरा उपायच धरला. सेन्सर स्वस्त आहेत, डोकं महाग आहे.

थ्रॉटलचा सेन्सर स्वतः व्होल्टेज देतो, त्यामुळे तो वाटून घेता येतो. पण त्याला ५ व्होल्ट एकानेच द्यायचे, जुन्याने. नव्याची ५ व्होल्टची पिन मोकळी. मॅप सेन्सर बहुतेक स्पीड्युइनो बोर्डवर स्वतःचाच असतो. मॅनिफोल्डवरून पातळ व्हॅक्यूम नळी तेवढी ओढायची.

क्रँक सेन्सर नाजूक. दोन वायरींचा, चुंबक-कॉइलचा प्रकार असेल तर वायरी उलट्या लागल्यावरही आरपीएम दिसतो, म्हणून चूक लपते. टायमिंग मात्र वेगाबरोबर सरकत राहतं. दोन ईसीयूंनी तो वाटून घेतला तर सिग्नल अशक्त होऊ शकतो. तीन वायरींचा हॉल सेन्सर असेल तर वाटून घेणं सोपं. दोन्हींत शील्ड असलेली केबल वापरा आणि शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. हा सेन्सर ज्या दातेरी चक्रावरून आरपीएम मोजतो त्याचे दात मोजा, गहाळ दात कुठे ते मोजा. कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, पुली हाताने फिरवून खडूने खुणा करा.

सहावी पायरी: शागिर्दीचे आठ दिवस

इंदूर हे अमीर खाँसाहेबांचं गाव, तेव्हा ही उपमा आपल्याला परकी नाही. नवा शिष्य पहिल्या दिवशी गात नाही. मागे तंबोरा घेऊन बसतो आणि ऐकतो. नवा ईसीयूही तसाच बसवा. सेन्सर सगळे जोडलेले, पण इंजेक्टर आणि कॉइलच्या वायरी रिकाम्या. गाडी जुन्या ईसीयूवरच चालवा: एबी रोडवर, सुपर कॉरिडॉरवर, सिमरोलकडून भेरू घाट उतरून परत वर, दुपारच्या गर्दीत राजवाड्याजवळ एसी लावून. सगळं लॉग करा.

घरी येऊन बघायचं ते हे. चावी देऊन इंजिन बंद असताना मॅप ९५ च्या आसपास आहे का? रात्रभर उभ्या गाडीत पाणी आणि हवा यांचं तापमान एकच दिसतं का? मुख्य म्हणजे आरपीएमच्या रेषेत मध्येच काटे उठतात का? उठत असतील तर क्रँकच्या वायरीत गोंधळ आहे आणि हा ईसीयू ठिणगी सांभाळायला लायक नाही. थ्रॉटल बंद असताना ० आणि पूर्ण दाबल्यावर १०० टक्के येतात का?

एक्झॉस्टमध्ये वाइडबँड लॅम्डा सेन्सर याच आठवड्यात बसवा. कंपनीचा साधा सेन्सर ०.४५ व्होल्टच्या अल्याड-पल्याड फक्त रिच (पेट्रोल जास्त) की लीन (पेट्रोल कमी) एवढंच सांगतो, किती ते नाही. वाइडबँडने जुना ईसीयू कुठल्या वेळी किती लॅम्डावर (१ म्हणजे हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण, त्याखाली रिच) चालतो याचा नकाशा फुकट हाती येतो: सरळ रस्त्यावर १ च्या आसपास, पूर्ण थ्रॉटलला ०.८५ ते ०.९. गाडी २०१३ नंतरची असेल तर ओबीडी सॉकेटमधून, म्हणजे ईसीयूची माहिती वाचायच्या सॉकेटमधून, साध्या डोंगलने जुन्याचं इग्निशन टायमिंगही वाचता येतं. माझ्या एस्टीमशी माझा डोंगल बोललाच नाही. मग टायमिंग लाइट धरून, मित्राला पाय दाबायला बसवून, दर पाचशे आरपीएमला पुलीवरची खूण वहीत उतरवली. भार नसतानाचे आकडे होते ते, तरी काहीच नसण्यापेक्षा बरे.

सातवी पायरी: पेट्रोलचा हिशोब

सॉफ्टवेअर तुम्हाला एक आकडा विचारेल: एका सिलिंडरला पूर्ण हवा भरली तर इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा? तो काढायला पाटी-पेन्सिल पुरते. १२९८ सीसीचे चार भाग, म्हणजे सिलिंडरमागे साधारण ०.३२५ लिटर. एका लिटर हवेचं वजन १.२ ग्रॅम धरलं तर ०.३९ ग्रॅम हवा. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, म्हणजे ०.०२६५ ग्रॅम पेट्रोल. इंजेक्टर मिनिटाला २०० सीसी देणारा धरला (तुमचा मोजून घ्या, मी उदाहरण देतोय), तर एका सीसीचे ०.७४ ग्रॅम धरून सेकंदाला साधारण २.४७ ग्रॅम. भागाकार केला की १०.७ मिलिसेकंद. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला हवा कमी, साडेतेराच्या आसपास पुरते, म्हणून आकडा ११.७ वर जातो. त्यात इंजेक्टर उघडायला लागणारा साधारण १ मिलिसेकंदाचा आळस मिळवा. बॅटरी पडली की हा आळस वाढतो, म्हणून व्होल्टेजप्रमाणे त्याचा वेगळा तक्ता असतो. ६००० आरपीएमला एक पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांचं. पावणेतेरा भागिले वीस, म्हणजे इंजेक्टर ६४ टक्के वेळ उघडा. पूर्ण थ्रॉटलला रिच ठेवल्यावर अजून वर. ८५ टक्क्यांच्या पुढे जात असेल तर इंजेक्टर लहान आहे आणि त्यावर कुठलाही ईसीयू इलाज नाही.

मिश्रणाचं बोलताना गुणोत्तर सोडा आणि लॅम्डातच बोला. पंप बदलला, इथेनॉल बदललं, तरी १ म्हणजे १.

आठवी पायरी: आधी पेट्रोल सोपवा, ठिणगी नंतर

इंजेक्टरच्या वायरी नव्याकडे वळवा, कॉइल जुन्याकडेच राहू द्या. एक इंजेक्टर किंवा एक कॉइल दोघांना कधीही जोडू नका. जुन्या ईसीयूला आता इंजेक्टर दिसणार नाहीत आणि तो चेक इंजिनचा दिवा लावेल. काही मॉडेलांत पंपही बंद करेल. त्याच्या प्रत्येक इंजेक्टर पिनेवर ४७ ओहम, ५ वॅटचा सिमेंट रेझिस्टर लावला तर बहुतेक वेळा तो फसतो. हे रेझिस्टर तापतात, प्लॅस्टिकला टेकवून ठेवू नका.

पहिल्या स्टार्टआधी इंजेक्टरचे प्लग काढून नुसता स्टार्टर फिरवा. आरपीएम २००-२५० वर स्थिर दिसला की पुढे. फायर एक्स्टिंग्विशर हाताच्या अंतरावर, गॅरेजचं दार उघडं, रेलच्या जोडांवर एक नजर. मग सुरू करा. पहिला आवाज ऐकून घाबरू नका. खोकेल, धूर काढेल, वास येईल. पाणी ८० अंशांवर येईपर्यंत फक्त आयडल सांभाळा, तक्त्याला हात लावू नका. थंड इंजिनावर तक्ता दुरुस्त करणारा माणूस दुपारी तोच तक्ता उलटा दुरुस्त करत असतो.

महिनाभर असं चाललं की मग ठिणगी. कॉइलला विजेचा किती वेळ द्यायचा, हा ड्वेल, दोन ते चार मिलिसेकंदांच्या पट्ट्यात असतो. कमीपासून सुरू करा, जास्त दिला तर कॉइल भाजते. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर बांधून ठेवा, टायमिंग लाइट पुलीवर मारा, आणि खूण १० वर दिसेपर्यंत ट्रिगरचा कोन बदला. मग हळूच ३००० पर्यंत न्या. खूण जागची हलली नाही पाहिजे. हलली तर वर लिहिलेली क्रँकच्या वायरींची उलटापालट आठवा.

नववी पायरी: रस्त्यावर

गाडी चालवणारा लॅपटॉप बघत नाही. दोन माणसं, एक रिकामा रस्ता, पहाटेची वेळ. आधी हलक्या थ्रॉटलचे खाने: ४० ते ६० किलोपास्कल, २००० ते ३००० आरपीएम, लॅम्डा १. ऑटो-ट्यून लावलं तरी दर वेळी पाच टक्क्यांपेक्षा जास्त बदल स्वीकारू नका. पूर्ण थ्रॉटलला उलट क्रम: मुद्दाम रिच आणि टायमिंग मागे ठेवून सुरुवात, ०.८२ पासून हळूहळू ०.८७ कडे. टायमिंग एका वेळी एक अंश पुढे, आणि जोर वाढायचा थांबला की तिथून दोन अंश मागे. डायनो (रोलरवर गाडीचा जोर मोजणारं यंत्र) मिळाला तर हे काम तासाभराचं. रस्त्यावर आठवडे लागतात.

इंजिनाचा ठोका, म्हणजे नॉक, कानाने पकडायची जुनी युक्ती अजून चालते. सियागंजातून हातभर तांब्याची नळी आणा, एक टोक ठोकून चपटं करा, त्याला भोक पाडून ब्लॉकच्या बोल्टला कसा, दुसऱ्या टोकाला रबरी नळी जोडून कान झाकणाऱ्या मफमध्ये सोडा. खडा वाजल्यासारखा कोरडा टक ऐकू आला की पाय काढा. सेन्सर लावणार असाल तर त्याची वारंवारता ९०० ला π (३.१४) आणि बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या व्यासाच्या, अर्ध्याच्या गुणाकाराने भागून येते, मिलिमीटर आणि किलोहर्ट्झमध्ये. माझ्या ७४ मिलिमीटरच्या बोअरला ७.७. मे महिन्यात सिग्नलला पाच मिनिटं उभं राहून निघताना आत जाणारी हवा तापलेली असते. नॉक पहिला तेव्हाच येतो, म्हणून हवेच्या तापमानाप्रमाणे टायमिंग मागे घेणारा छोटा तक्ता रिकामा सोडू नका.

प्रत्येक फाइलच्या नावात तारीख आणि काय बदललं ते घाला. "फायनल", "फायनल २", "आता खरंच फायनल" अशा नावांच्या सतरा फाइली माझ्याकडे आहेत आणि त्यातली कुठली चांगली होती ते आता देवाला ठाऊक.

जोड-हार्नेसचा मूळ प्लग, दोन फ्यूज आणि जास्तीचा रिले मी ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवतो. भेरू घाटात एकदा नवा ईसीयू रुसला होता. प्लग बदलून जुन्यावर परत यायला सात मिनिटं लागली. पावसात अकरा लागतात.